आठ जॅकेटं, सगळी स्मॉल

सुभद्राताई आर्टेंनी एकदा ठरवलं की ठरवलं. "दादरचा दुकानदार माल चीनहूनच आणतो ना? मग मधे तो कशाला? आपणच मागवू!"

लालबागच्या त्यांच्या टॉवरमधल्या आठ बायकांनी चालण्याच्या स्पर्धेत नाव दिलं होतं. शिवाजी पार्कला सहा फेऱ्या. गेली दोन वर्षं वरळी कोळीवाड्याच्या बायका पहिल्या येत होत्या, त्याही एकसारख्या निळ्या जॅकेटांत. यंदा लालबागला लाल जॅकेटं हवीच होती!

परळच्या एका एजंटामार्फत सुभद्राताई थेट चिनी साइटवर पोचल्या. तिथली विक्रेती भलतीच गोड. दर वाक्याआधी "प्रिय मैत्रिणी" म्हणायची. निदान भाषांतराचं ॲप तरी तसं म्हणायचं. तिने साइजचा तक्ता पाठवला. सगळ्यांत लहान साइज स्मॉल, वजन ऐंशी ते शंभर. त्यापुढे मीडियम.

सुभद्राताईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि शेजारच्या मालनला फोन लावला.

"मालन, वजन किती ग तुझं?"

"अठ्ठ्याहत्तर. का हो?"

"तू स्मॉल आहेस!"

मालन हळूच म्हणाली, "वहिनी, हे जरा आमच्या ह्यांना सांगाल?"

आठही जणी शंभराच्या आत. म्हणजे आठही जणी स्मॉल! बँकेतली अपेक्षा तेवढी कुरकुरली, "काकी, मी छप्पन्न. मला आणि मालनकाकींना एकच साइज?"

"कापड ताणतं ग," सुभद्राताईंनी ठणकावलं.

पाच आठवड्यांनी खोकं आलं. जॅकेटं वाटून झाल्यावर सुभद्राताईंनी दार लावून आपलं घालून पाहिलं. एक हात गेला. दुसरा कोपरापर्यंत गेला आणि तिथेच बसला. शेवटी त्यांच्या यजमानांनी, कुशाबांनी, त्यांना कोलंबीसारखं सोलून बाहेर काढलं.

"पाच आठवड्यांत एवढी सुटले मी?" सुभद्राताई गारच पडल्या. पण ग्रुपवर त्यांनी लिहिलं, "मस्त बसलं!"

"मलापण!" मालन.

"मला तर जरा सैलच होतंय!" अपेक्षा.

दुसऱ्या दिवसापासून टॉवरमधल्या आठ स्वयंपाकघरांत गुपचूप उपासमार सुरू झाली. कुणी भात सोडला, कुणी नुसत्या काकडीवर आली. सरावाला मात्र एकीचंही जॅकेट दिसेना. एकीचं इस्त्रीला, दुसरीचं म्हणे नजर लागेल म्हणून कपाटात!

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सुभद्राताईंनी विक्रेतीला विचारलंच. उत्तर आलं, "प्रिय मैत्रिणी, तक्त्यातले आकडे जिनमध्ये आहेत. दोन जिन म्हणजे एक किलो. स्मॉल म्हणजे चाळीस ते पन्नास किलो."

सुभद्राताईंनी फोन उपडा ठेवला. आता सांगावं तर जन्मभर हसतील. "उद्या स्पर्धा होऊ दे, मग सांगू," त्यांनी मनाची समजूत घातली.

सकाळी आठही जणी जॅकेटं खांद्यावर टाकून आल्या. "उकडतंय ना!" प्रत्येकीचं एकच कारण. पण चालल्या मात्र वाऱ्यासारख्या! सहाव्या फेरीत कोळीवाड्याच्या बायका चांगल्या मागे पडल्या होत्या. शेवटची रेघ दोनशे पावलांवर आली होती आणि मालन अडखळली.

"वहिनी, अंधारी येतेय. तीन आठवडे भाताचं शीत नाही पोटात. कुणाला बोलू नका, जॅकेट चढतच नाहीये मला."

"मलापण नाही!" मागून अपेक्षा.

"मलाही!" "मलाही ग!"

सुभद्राताईंना भरून आलं. आणखी दोनशे पावलं गप्प राहिल्या असत्या तर पहिल्या नंबरची ढाल लालबागला आली असती. पण मालनचा तो पांढराफटक चेहरा त्यांना बघवेना.

"अग, जिन होते ते! किलो नव्हते! कुणीसुद्धा जाड झालेली नाही. मीच तक्ता चुकीचा वाचला!"

चालता चालता आठही जणी थांबल्या. सुभद्राताईंनी शिव्या खायची तयारी ठेवली.

"म्हणजे," मालनने विचारलं, "खाल्लं तरी चालेल?"

"चालेल."

रस्त्यापलीकडे गाडीवर बटाटेवड्यांचा घाणा नुकताच उतरला होता. आठही जणी, पाऊल जराही न चुकवता, सरावात शिकवल्याप्रमाणे एका रांगेत डावीकडे वळल्या. निळी जॅकेटं शेजारून पुढे गेली. त्यांतली एक बाई तर थांबून काळजीने विचारत होती, "ओ ताई, रस्ता चुकलात काय?"

"नाही हो," सुभद्राताई तोंडातला वडा सावरत म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे!"