पलीकडच्या रेतीवर

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी गंगेपलीकडच्या रेतीवर जायचं, तासभर गप्प बसायचं आणि देव काय म्हणतो ते ऐकायचं, असं पाळक उजागरे यांनी जाहीर केलं, तेव्हा कस्तुरीबाई भिंगारदिवे यांनी पहिला प्रश्न विचारला तो चहाचा.

नोकरीनिमित्त बनारसला येऊन राहिलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबं मोजून सात. त्यांच्या रविवारच्या उपासनेच्या सतरंज्या, गीतांच्या वह्या, आजाऱ्यांचे डबे आणि रुसलेल्यांच्या समजुती हे सगळं खातं कस्तुरीबाईंकडे. देवाचं काम म्हणून त्या ते मनापासून करत. फक्त देवाशी बोलायला त्यातून सवड होत नसे. मागच्या फेब्रुवारीत नगरला आई गेली. मातीला आलेल्या दीडशे माणसांचं चहापाणी, जेवण बाईंनीच सांभाळलं. रडायला वेळ मिळाला नाही. नंतरही मिळाला नाही, कारण त्यांनी तो मिळू दिला नाही.

एक तारखेला पहाटे सहालाच त्या बालाजी घाटावरून बैजनाथ नाववाल्याबरोबर पुढे निघाल्या. बरोबर चहाचे दोन मोठे थर्मास, उपम्याचं पातेलं, सहा सतरंज्या आणि एक झाडू. बाकीची मंडळी सातला येणार होती. पलीकडे उतरून त्यांनी सतरंज्या उगवतीकडे तोंड करून अंथरल्या. शेवटच्या सतरंजीचा कोपरा सरळ करून मागे वळून पाहिलं, तर नदीपलीकडचे घाट नाहीसे झाले होते. मग नदी गेली. मग दहा पावलांवरची नाव गेली. राहिला तो बैजनाथचा खोकला.

नवऱ्याचा, रत्नाकररावांचा फोन आला. धुक्यामुळे पोलिसांनी सगळ्या नावा थांबवल्या होत्या.

"अगं, हलू नकोस तिथून."

"हलू कुठे? मला माझे पाय दिसेनात."

एवढ्यावर फोन ठेवला असता तर बरं झालं असतं. पण बाईंनी आधी उजागरेबाईंच्या गुडघ्यांसाठी खुर्ची कोणाकडून आणायची ते सांगितलं. मग कोणती गीतं घ्यायची, कोणती घ्यायची नाहीत ते सांगितलं. उपम्याबरोबरचं लोणचं घरी फ्रीजवर राहिलं होतं, ते कुठे ठेवलंय हे समजावताना फोनने मान टाकली.

आता सांगायला कोणी उरलं नाही. बाईंनी सतरंज्या पुन्हा सरळ केल्या. मग झाडू घेऊन त्या सतरंज्यांवरची रेती झाडू लागल्या. ती जिथून आली होती तिथेच जात होती आणि परत येत होती. चार वेळा झाडूचा आवाज ऐकल्यावर धुक्यातून बैजनाथ शांतपणे म्हणाला, "दीदी, कोहरा झाडू से नहीं जाएगा. बैठ जाइए."

त्या बसल्या. पहिली काही मिनिटं डोक्यात कामांची यादी चालली. मग ती संपली. यादी संपल्याचं त्यांना कित्येक वर्षांत आठवत नव्हतं. पाण्याचा बारीक चुबुकचुबुक आवाज येत होता. पलीकडे कुठेतरी घंटा वाजली, कापसात गुंडाळल्यासारखी. मग तीही थांबली. वर, खाली, चहूकडे एकच पांढरं होतं, आणि त्या पांढऱ्यात आपण कोणाच्या तरी अगदी जवळ बसलो आहोत असं वाटून बाईंच्या अंगावर काटा आला.

"देवा, आई गेली रे," त्या म्हणाल्या. ताजी बातमी सांगावी तशा.

मग त्या रडल्या. पदर पुरेना तेव्हा सतरंजीचं टोक घेतलं. बैजनाथने नावेत कूस बदलली आणि पाठ केली. कोणी उत्तर दिलं नाही. पण अंधाऱ्या खोलीत आपण बोलावं आणि कोपऱ्यात कोणी जागं आहे हे श्वासावरून कळावं, तसं त्यांना कळत राहिलं. केव्हातरी धुक्यात ताटलीएवढा फिकट सूर्य दिसला. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. किती वाजले हे बघावंसं वाटलं नाही.

दहाला धुकं फाटलं आणि मंडळींची नाव लागली. सगळ्यांचे आवाज बसले होते. बाईंना दिशा कळावी म्हणून बायकांनी दीड तास नदीकडे तोंड करून हाका मारत थाळ्या वाजवल्या होत्या; रेतीपर्यंत त्यातलं काही पोचलं नव्हतं. रत्नाकरराव चार नाववाल्यांशी भांडले होते, पाळकसाहेब दोनदा पोलीस चौकीत जाऊन आले होते, आणि बाईंना एकटं पाठवायची कल्पना मुळात कोणाची यावर जोरदार वाद झाला होता. शांततेचं एक मिनिटही कोणाच्या वाट्याला आलं नव्हतं.

रत्नाकरराव पळतच आले आणि बायकोचे लाल डोळे बघून थबकले. "घाबरलीस?"

"नाही. बसले होते."

पाळकसाहेबांनी जरा संकोचून विचारलं, "काही… ऐकू आलं?"

कस्तुरीबाईंनी विचार केला. "मला नाही आलं. मीच बोलले. त्यानं ऐकलं."

पाळकसाहेबांचा हात कोटाच्या खिशात प्रवचनाच्या कागदावर गेला होता. तो रिकामाच बाहेर आला. ते खाली बसले, त्यांच्यामागे एकेक करून सगळे बसले, आणि बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

मग चहाची आठवण झाली. सवयीनं सगळ्यांनी कस्तुरीबाईंकडे पाहिलं. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. शेवटी पाळकसाहेबच उठले, थर्मासचं झाकण उलटसुलट फिरवून पाहिलं आणि तिसऱ्याच पेल्याला चहा सतरंजीवर सांडला.

कस्तुरीबाईंनी एक डोळा उघडला, डाग पाहिला आणि डोळा पुन्हा मिटून घेतला.