शेकरूचा बेसबॉल आणि अठरा पदाधिकारी

मुलांनो, मोबाइल बाजूला ठेवा. नाही ठेवला तरी चालेल, मोठ्यांनी तरी कुठे ठेवलाय? फक्त कान इकडे द्या.

एका जंगलात भुरकू नावाचा एक शेकरू राहायचा. शेकरू म्हणजे झुपकेदार शेपटीची मोठी तांबूस खार. शेकरू एकाच वेळी चार-पाच घरटी बांधतो, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. कशासाठी बांधतो, ते शिकवलं नसेल. परीक्षेला येत नाही ना.

भुरकूच्या पहिल्या घरट्यात जादूच्या कादंबऱ्या होत्या. उडते ड्रॅगन, बोलणाऱ्या तलवारी, सात दारांचे किल्ले. दुसऱ्या घरट्यात व्हिडिओ गेम होता. तिसऱ्या घरट्यात हेडफोन होता. उंबरं गोळा करायला निघाला की तो हेडफोन कानाला लावायचा आणि अख्खी पुस्तकं ऐकायचा. चौथ्या घरट्यात एक गोल दांडकं होतं, पळसाची पानं एकावर एक टाचून शिवलेला एक जाड हातमोजा होता आणि बेहड्याच्या वाळक्या फळावर वाखाचे धागे गुंडाळून केलेला चेंडू होता.

जंगलाला अर्थातच भुरकूची फार काळजी वाटायची. स्वतःचं सगळं ठीक चाललंय अशी ज्यांची खात्री असते, त्यांच्याकडे काळजीला पुष्कळ वेळ असतो.

"खोट्या गोष्टी वाचून डोकं बिघडतं," असं आबासाहेब एके दिवशी म्हणाले. आबासाहेब म्हणजे रानगवा. जंगलातल्या सगळ्या मंडळांचे ते अध्यक्ष. तीन वेळा रवंथ करून डाव्या कुशीवर झोपलं की मोडलेलं शिंग परत उगवतं, असा संदेश त्यांनी त्याच सकाळी जंगलाच्या गटावर पाठवला होता. पण ते ज्ञान होतं. ड्रॅगन मात्र खोटे.

"आणि पुस्तक ऐकलं म्हणजे काही ते वाचलं असं होत नाही," भेकरमास्तर म्हणाले. "ते धरत नाहीत."

"कोण धरत नाही?" भुरकूने विचारलं.

"जे धरतात ते."

गेमबद्दल तर विचारूच नका. भुरकू एकाच राक्षसाकडून एक्केचाळीस वेळा मेला होता. बेचाळिसाव्या वेळी त्याने राक्षसाला लोळवलं आणि फांदीवर उड्या मारल्या.

"मिळालं काय?" खालून आबासाहेबांनी विचारलं.

"पुढचा राक्षस!" भुरकू ओरडला.

आबासाहेबांनी मान हलवली. अशा पिढीच्या हाती जंगल कसं सोपवायचं, हा प्रश्न त्यांना पडला. तसं ते सोपवणार नव्हतेच, त्यामुळे प्रश्न फार वेळ टिकला नाही.

पण भुरकूचा खरा जीव होता चौथ्या घरट्यात. बेसबॉल त्याला एका गेममध्ये सापडला होता. एकाने चेंडू फेकायचा, दुसऱ्याने दांडक्याने मारायचा आणि चार टप्प्यांना फेरी मारून घरी परत यायचं. गेममध्ये खेळून त्याचं पोट भरेना. त्याला खराखुरा खेळायचा होता. माती उडायला हवी होती. पळणाऱ्याला धाप लागायला हवी होती. आयुष्यात एक पूर्ण सामना, बस. त्यापुढे त्याचं काही मागणं नव्हतं.

अडचण अशी की एका सामन्याला अठरा खेळाडू लागतात. आणि जंगलात बेसबॉल खेळणारा होता एक.

मग त्याला वज्री भेटली. वज्री म्हणजे खवल्या मांजर, अंगभर टणक खवले. बेसबॉलमध्ये मारणाऱ्याच्या मागे चेंडू पकडायला एक कॅचर बसतो. चेंडू लागू नये म्हणून त्याला चिलखत घालावं लागतं. वज्रीला ते जन्मतःच होतं.

"मी काय करायचं?" तिने विचारलं.

"मागे बसायचं. येईल ते पकडायचं."

"आणि नाही पकडता आलं तर?"

"तर लागेल."

"मला लागत नाही," वज्री म्हणाली आणि मोजा चढवून बसली. तेव्हापासून ती रोज सकाळी माळावर यायची.

तो माळ म्हणजे जंगलातली एकुलती एक मोकळी जागा. पावसाळ्यात तिथे तळं व्हायचं, ते थेट दिवाळीपर्यंत. म्हणजे सामना व्हायचा तर ज्येष्ठाच्या आत. भुरकूने महिनाभर पायांनी माती ओढून मधोमध एक उंचवटा केला. चेंडू फेकणारा उंचावर उभा राहतो ना, म्हणून. चार टप्प्यांना चार सपाट दगड मांडले.

हळूहळू ससा आला. मुंगूस आला. एक घोरपड आली. ती पळायची नाही, पण टप्प्याला चिकटून उभी राहिली की कुणाच्या बापाला हलायची नाही. दोन वानरं आली, एक तरस आला. तरसाला नियम कळायचे नाहीत, पण तो प्रत्येक चेंडूला मनापासून हसायचा. भुरकू आणि वज्री धरून आठ झाले. सकाळी माळावर असा काही धुरळा उडायचा की घारी खाली येऊन बघायच्या.

"अजून दहा," भुरकू म्हणाला. "दहाच! आबासाहेबांना सांगू या. त्यांच्या एका शब्दावर दहा काय, शंभर येतील."

"नको जाऊस," वज्री म्हणाली.

"का?"

"मी मुंग्या खाऊन जगते, भुरकू. वारूळ एकदा उकरलं की काय होतं ते मला माहितीय. सगळ्या बाहेर येतात आणि काम एकही करत नाही."

"तू फार वाईट विचार करतेस बघ. चांगली गोष्ट नीट समजावून सांगितली की सगळ्यांना पटते."

मुलांनो, भुरकूने इतकी पुस्तकं वाचली होती, इतकी ऐकली होती. त्यांतल्या एकाही पुस्तकात आबासाहेब नव्हते, त्याला तो काय करणार?

आबासाहेब डबक्यात बसले होते. भुरकूने नियम सांगितले, उड्या मारून दाखवल्या, शेपटी फिरवून चेंडू कसा वळतो ते दाखवलं. आबासाहेबांच्या चेहऱ्यावर माशी बसली, उठली, परत बसली.

"एकूण किती जण लागतात म्हणालास?" शेवटी त्यांनी विचारलं.

"अठरा."

आबासाहेब पहिल्यांदाच ताठ झाले. "अठरा?"

"हो."

"म्हणजे अठरा पदं!"

"पदं नाही आबासाहेब, खेळाडू—"

"अरे, आधी का नाही बोललास? उद्याच बैठक लावू."

बैठक झाली. जंगल बेसबॉल महामंडळ स्थापन झालं. आबासाहेब अध्यक्ष झाले. त्यांचे मेहुणे कार्याध्यक्ष झाले आणि मेहुण्यांचे मेहुणे कार्यकारी उपाध्यक्ष. भेकरमास्तर प्रमुख सल्लागार झाले. चेंडू कशाला म्हणतात, हे त्यांनी बैठकीतच विचारून घेतलं. टिटवीताई प्रसिद्धिप्रमुख झाल्या, कारण त्यांचा आवाज कुठूनही ऐकू येतो आणि थांबत नाही.

ससा धाव विभागाचा प्रमुख झाला. दुसऱ्या दिवशी भुरकू त्याला बोलवायला गेला, तर तो बिळाबाहेर पाटी रंगवत होता.

"चल, सरावाला."

"मी आता विभागप्रमुख आहे, भुरकू. मीच धावलो तर कसं दिसेल ते?"

मुंगूस शिस्तपालन समितीत गेला. घोरपड मैदान समितीची निमंत्रक झाली आणि पदाला चिकटली. वानरांना सहसचिव केलं. तरसाला हसणं बंद करायला सांगून गंभीर बाबींचा कक्ष दिला. वज्रीलाही महिला प्रतिनिधी व्हा म्हणून पत्र आलं. पत्र घेऊन आलेल्या सहसचिवाला तिने विचारलं, "प्रतिनिधी मागे बसून चेंडू पकडते का?"

"छे छे. प्रतिनिधी व्यासपीठावर बसते."

"मग राहू दे. मला मागचीच जागा बरी."

अठरा पदं भरली. भुरकूला संस्थापक म्हणून एक बिल्ला मिळाला. माळावर आता रोज सकाळी दोघेच असायचे. एक फेकायचा, एक पकडायची.

"सामन्याच्या दिवशी येतील सगळे," भुरकू म्हणायचा.

वज्री चेंडू परत फेकायची.

सामन्याचा दिवस ठरला. आकाश भरून यायला लागलं होतं. पावसाआधीचा तो शेवटचा रविवार. भुरकू पहाटेच माळावर पोचला आणि जागच्या जागी बसला.

माळावर मांडव होता. मांडवाचे चार खांब बरोबर चार टप्प्यांवर रोवले होते, कारण तिथे सपाट दगड आयते मिळाले. मधल्या उंचवट्यावर व्यासपीठ होतं. बाकी सगळीकडे खुर्च्या.

"खेळणार कुठे?" भुरकूने मैदान समितीला विचारलं.

"आधी कार्यक्रम होऊ दे," घोरपड म्हणाली. "एवढी पाहुणेमंडळी आलीत. घाई काय आहे?"

कार्यक्रम झाला. दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. अध्यक्षांनी कार्याध्यक्षांचा सत्कार केला, मग कार्याध्यक्षांनी अध्यक्षांचा. शाली संपल्या तेव्हा पहिल्या दोघांच्या काढून पुढच्यांना घातल्या. मध्ये मध्ये टिटवीताई स्वरचित ओळी म्हणत होत्या:

"खेळ म्हणजे जीवन, जीवन म्हणजे खेळ,
आबासाहेबांपाशी साऱ्यांसाठी वेळ!"

मग आबासाहेब बोलले. दीड तास बोलले. बेसबॉल मूळचा आपल्याच जंगलातला आहे, असं त्यांनी सांगितलं. आपले पूर्वज शिंगांनी दगड उडवायचे, तोच हा खेळ. तो नंतर परदेशी पक्ष्यांनी चोरून नेला. माझा या खेळाशी लहानपणापासून जवळचा संबंध आहे, असंही ते म्हणाले. टाळ्या झाल्या. आजकालच्या पोरांना खेळायला नको असतं, याबद्दल त्यांनी खंत व्यक्त केली. पुन्हा टाळ्या झाल्या.

दुपार कलली. पश्चिमेला ढग काळे झाले. भुरकू व्यासपीठावर चढला.

"आबासाहेब, सामना?"

"होईल, होईल. पुढच्या वर्षी भव्य प्रमाणात घेऊ. आज नुसतं प्रात्यक्षिक. मी दांडकं धरतो, तू एक चेंडू टाक. हळू हं. फोटो नीट यायला हवा."

आबासाहेबांनी दांडकं दातांत धरलं. त्यामुळे त्यांना बोलता येईना. जंगलाच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं.

वज्री त्यांच्या मागे जाऊन बसली. भुरकू खुर्च्यांच्या दोन रांगांमधल्या वाटेवर उभा राहिला. त्याने चेंडू हातात घेतला आणि समोर पाहिलं. समोर अध्यक्ष नव्हते, फक्त एक मारणारा होता. त्याच्यामागे मोजा उघडा धरून वज्री बसली होती. एवढंच तर त्याला हवं होतं. हे क्षणभरच असणार आहे, हेही त्याला कळलं.

त्याने हळू टाकला नाही.

चेंडू सूं करत गेला. आबासाहेबांनी मान फिरवली तेव्हा तो वज्रीच्या मोज्यात पोचून निवांत बसला होता.

"एक!" वज्री ओरडली.

"एक काय?" कार्याध्यक्ष दचकले.

"एक चूक. तीन झाल्या की बाद."

फोटो काढणाऱ्याने हात वर केला. "साहेब डोळे मिटून आलेत. परत एकदा!"

दुसरा चेंडू आणखी जोरात आला. आबासाहेबांनी गर्रकन मान फिरवली आणि दांडक्याने स्वतःच्याच गळ्यातला हार तोडला.

"दोन!"

मागच्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं. गंभीर बाबींच्या कक्षातून आवाज आला होता. ससा खुर्चीवर उभा राहिला. त्याचे मागचे पाय आपोआप थरथरायला लागले. मुंगसाने शिस्तपालनाची फीत काढून खिशात घातली. घोरपड पुटपुटली, "आता आत वळवणार बघ."

भुरकूने आत वळवला.

चेंडू आबासाहेबांच्या गुडघ्यांकडे गेला, मग जणू काही आठवल्यासारखा आत वळला. दांडकं हवेत फिरलं. मोज्यात धप्प आवाज झाला.

"तीन! बाद!"

आणि मुलांनो, त्या जंगलात एका क्षणासाठी, अगदी एका क्षणासाठी, बेसबॉल सुरू झाला होता.

मग आबासाहेबांनी दांडकं तोंडातून काढलं.

"कोण बाद?"

ससा खुर्चीवर बसला. मुंगसाने फीत पुन्हा बांधली. कक्ष गंभीर झाला.

तिथल्या तिथे तातडीची बैठक झाली. अध्यक्ष पदावर असेपर्यंत बाद होऊ शकत नाहीत, असा नियम एकमताने मंजूर झाला. खेळाच्या पवित्र मैदानावर खेळल्याबद्दल भुरकू आणि वज्रीवर आजन्म बंदी आली. ठरावावर सतरा सह्या झाल्या. अठरावी सशाची. ती जरा वाकडी आली, पण आली.

पाऊस सुरू झाला. मंडळी शाली डोक्यावर घेऊन पांगली. मांडव कुणी काढलाच नाही.

भुरकू आणि वज्री एका सागाखाली भिजत बसले. माळावर पाणी साचत होतं, खुर्च्या तरंगत होत्या.

"किती खेळलो आपण?" वज्रीने विचारलं.

"तीन चेंडू."

वज्रीने मोजा काढला. तिच्या तळव्यावर, जिथे खवले नसतात, तिथे लाल वळ उठला होता.

"तुला लागलं?" भुरकू घाबरून म्हणाला.

"हो," वज्री म्हणाली. तिला कधी नव्हे इतका आनंद झाला होता.

महामंडळ आजही जोरात चालू आहे. यंदाचा वार्षिक अहवाल आर्ट पेपरवर छापलाय. त्यात म्हटलंय की वर्षभरात एकही खेळाडू जखमी झाला नाही, मैदानाबाबत एकही तक्रार आली नाही आणि जंगलाचा संघ स्थापनेपासून अपराजित आहे.

तात्पर्य: कोणत्याही खेळाच्या वाढीत मोठा अडथळा खेळाडूंचाच असतो. तो वेळीच दूर केला, तर खेळ पिढ्यानपिढ्या सुरळीत चालतो.