टायर बोलला का?

आमच्या कामशेतात टायर बोलतो असं ठामपणे मानणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा शेजारी आहे. नामदेवआबा. वय सत्तरीच्या पुढे, बारा महिने खाकी शर्ट, आणि लोक खिशाला पेन लावतात तिथे यांचा हवेचा काटा.

आबांच्या मते मोटरसायकलचा टायर रिमवर नीट बसला की दोनदा बोलतो. फट्ट, एक काठ खाचेत बसला. फट्ट, दुसरा बसला. तोवर कुणी टायरजवळ तोंड न्यायचं नाही. "येकदाच बोलला म्हंजी अर्धा बसला. अर्धा बसल्याला टायर अन् अर्धं जमल्यालं लगीन, कवा फुटंल सांगता येत न्हाई."

बाकी कारभारही असाच. बाजारात वांग्याचा भाव विचारतील आणि उत्तर यायच्या आत पिशवी पुढे करतील. आपण बोलायला लागलो की सरळ हनुवटी धरतील. "तोंड हिकडं करा, मास्तर. भिंतीला काय सांगताय?" मी शाळेत क्लार्क आहे, मास्तर नाही, हे सहा वर्षं सांगतोय. भिंतीला सांगितलं असतं तर एव्हाना पटलं असतं.

मावशी, म्हणजे आबांच्या मंडळी, होत्या तेव्हा आबा अंगणात टायर बसवायचे आणि मावशी दाराच्या चौकटीत उभ्या राहून आधी एक बोट वर करायच्या, मग दोन. चहा किती कप टाकायचा, असं विचारत असतील, असा आमचा सगळ्यांचा समज होता. मावशींना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून आबांची स्वतःची गाडी ताडपत्रीखाली आहे आणि तिचा नवाकोरा टायर खिळ्याला टांगलेला. कधी बसवणार विचारलं की म्हणतात, "येळ कुटं हाय?" दिवसभर ओट्यावर बसलेला माणूस!

या पावसाळ्यानंतर माझ्या लेकीला, मनीषाला, तळेगावच्या कारखान्यात नोकरी लागली. सोमवारपासून माझी मोटरसायकल ती नेणार होती, आणि मागचा टायर पार गुळगुळीत. मी लोणावळ्याहून नवा आणला आणि रविवारी दुपारी चाक काढून पंक्चरच्या दुकानाकडे निघालो, तर आबा आडवे.

"पोरगी हायवेनं जानार. तिच्या खालचं चाक बापानं बसवावं. ठेवा खाली. शिका."

बायको आणि मनीषा शिरगावला दर्शनाला गेल्या होत्या, म्हणजे मला सोडवणारं घरात कुणी नव्हतं. जुना टायर उतरवतानाच घामाघूम झालो. नव्यावरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे ना, हे आबांनी तीनदा बघायला लावलं. काठाला साबणाचं पाणी, दोन लोखंडी पट्ट्या, आणि टायर एकदाचा रिमवर चढला.

"आता पंप. काटा चाळीसच्या फुडं न्यायचा न्हाई. चाळीसला बोलला न्हाई तर हवा सोडायची, परत साबन लावायचा."

मी पायाने पंप मारू लागलो. तीसला एक फट्ट झालं. चाळीस आले, दुसरं नाही. हवा सोडली, साबण लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही एक फट्ट, आणि काटा चाळीसवर. कंबर गेली होती, डोकंही गेलं होतं.

"बोलला का?"

"बोलला."

"दोनदा?"

"दोनदा!"

खरं सांगतो, मला वाटलं म्हातारा पकडणार. इतका चिकित्सक माणूस, दोन हात अंतरावर उभा होता. पण आबांनी चष्मा लावला, गुडघ्यावर बसले आणि रिमलगतची रेघ सगळीकडून सारखी आहे का ते बघायला तोंड थेट टायरवर नेलं.

टायर आतून करकरला.

"आबा, मागं या! बोलला नाही तो!"

आबा हलले नाहीत. मी पुन्हा ओरडलो. पाठमोरा माणूस शांतपणे रेघ बघत होता. मग मी पंप टाकून त्यांची कॉलर धरली आणि ओढलं. दोघेही साबणाच्या पाण्यात आडवे झालो. मी सरपटत जाऊन वाल्व दाबला. सगळी हवा सुटेपर्यंत सोडला नाही.

आबा उठून बसले आणि माझ्या तोंडाकडे बघू लागले. "काय म्हनलात?"

तेव्हा मला कळलं. वांग्याचा भाव, हनुवटी, सगळं एका झटक्यात कळलं. लाज वाटली, इतकी कधी वाटली नव्हती. त्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हणालो, "खोटं बोललो मी, आबा. एकदाच बोलला होता."

"व्हय?" ते चष्मा पुसत राहिले. "तुमी म्हनलात म्हून वाकलो. डावा कान तरन्यापनी टायर फुटला तवाच गेला. उजवा गेला हळूहळू. पर तुमची मावशी हुती. ती ऐकायची, मी बसवायचो."

चौथ्यांदा मी अडलेल्या बाजूला भरपूर साबण लावला. तीसला फट्ट. मी तोंडाने काही बोललो नाही, एक बोट वर केलं. आबा लांब उभे राहून बघत होते. छत्तीसला दुसरं फट्ट झालं आणि मी दुसरं बोट वर केलं.

सोमवारी मनीषा गाडी घेऊन गेली आणि सुखरूप परत आली. तिला गाडी लावताना बघितलं आणि मी आबांच्या खिळ्यावरचा टायर उतरवला. आबा नको नको म्हणत होते, पण पट्ट्या त्यांनी आधीच काढून ठेवल्या होत्या. या वेळी पंप त्यांचा, आणि मी मावशींच्या जागी, चौकटीत.

टायर बोलला. मी एक बोट केलं. थोड्या वेळाने दुसरं.

आबांनी पाय थांबवला, पण माझ्या बोटांवरची नजर काढली नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "हात जरा वर धरा. ती वर धरायची."