दगानाना आणि कुरणाखालचा माल

कुणी झाडाचं कौतुक केलं की आमचे दगानाना चिडायचे. "वर काय देखतस? खाले देखा, बठ्ठा माल खाले शे!" सगळा माल जमिनीखालीच, असं म्हणत खिशातली खुरपी काढायचे आणि असतील तिथे उकरायला लागायचे. एका लग्नात मांडवाच्या खांबाशीच सुरू झाले. नवरीच्या मामाने धरून उठवलं.

भडगावात नाना माझे शेजारी. कालव्यावर चौकीदारी केलेले, शिक्षण सातवी. मी तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. तरी माझेच जुने विद्यार्थी गिरणाकाठच्या कुरणात नानांच्या मागे फिरायचे. खरं सांगतो, जळायचो मी.

यंदा त्या कुरणात रोपं लावायचं ठरलं. समितीचा अध्यक्ष मीच. खड्डे आखले, तर नाना पहिल्याच खुणेवर मांडी घालून बसले. "गवत मारीसन झाडं? आठे नही!"

पाहणीला एक अधिकारी बाई आल्या. मी हार आणि भाषण तयार ठेवलं होतं. बाई सरळ नानांशेजारी खाली बसल्या!

दोघांनी हातभर उकरलं तरी गवताची मुळं संपेनात. माती काळीभोर. बाई मला म्हणाल्या, "गुरुजी, हवेतला कार्बन गवताने इथे मातीत साठवलाय. खणलं की तो परत हवेत जायला लागेल. झाडं लावू, पण नदीच्या उघड्या काठावर."

"आनि तळाना गाळ?" नानांनी कुरणाकडेच्या तळ्याकडे बोट दाखवत विचारलं.

"त्यात तर फार काळ टिकतो. पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून पालापाचोळा लवकर कुजत नाही."

नाना माझ्याकडे बघून हसले. भाषण माझ्या खिशातच राहिलं.

संध्याकाळी चार शब्द सुनावायला म्हणून त्यांच्याकडे गेलो. ओट्यावर नाना एकटे. बाजेवर नवी चादर, बशीत शेव, दोन कप पालथे घातलेले.

"बाई चहा पेवाले येनार व्हत्यात," नाना म्हणाले. "त्यास्ले घाई व्हती."

नानांची बायको, अक्का, वारल्यापासून त्या घरात मीही पाऊल टाकलं नव्हतं.

"आज सगळं गाव तुमचं नाव घेतंय," मी जरा कडवटच बोललो.

"ते कुरणमा. घर कोनी येत नही. तुमना आंगणमा निंबखाले रोज लोके बसतस. मी आठे बसीसन देखस." नानांनी चादरीची सुरकुती सारखी केली. "गवतनी सावली पडत नही ना, गुरुजी."

मी चपला काढल्या, बाजेवर बसलो आणि दोन्ही कप सुलटे केले.