मालतीची वेलांटी

आमच्या गुढ़ियारी मोहल्ल्यातले वामनकाका हिंदी पेपर दोरीवर वाळत घालायचे. चिमटे लावून, ताणून. मग अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून, एक डोळा मिटून मथळा बघायचे. बघायचे म्हटलं मी. वाचायचे नाहीत.

"भनपुरीत ट्रक उलटला म्हणे, काका."

"उलटला असंल. तू अक्षर पाह्य, अक्षर. ते वेलांटी पाह्य. पदर सावरत बाई उंबरा ओलांडून राहिली जशी."

शेजारच्या साहूजींचे भाऊ अपघातात गेले, तेव्हा काका सांत्वनाला गेले आणि म्हणाले, "खबर मात्र सुंदर अक्षरात आली." साहूजी अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

मग मालतीकाकू गेल्या. त्यांची शोकसूचना छापायला काका पेपरच्या काउंटरवर गेले आणि वरचं, मथळ्याचं अक्षर मागू लागले.

"दादा, वो सिर्फ खबर में लगता है."

"माही बायको गेली, हे खबर नाई का?"

सूचना बारीक अक्षरात आली. तेव्हापासून काका कात्री घेऊन बसू लागले. मथळ्यांतून काकूंचं नाव कापायचं आणि त्यांच्या फोटोखाली लावायचं. 'बीरगांव की बेटी का कमाल' यातून 'माल' निघालं. तेवढंच चिकटवलं. गोदामातले हमाल पाणी प्यायला येत आणि विचारत, "कौन सा माल है, भैया?"

उरली 'ती'. ती तर रोजच यायची. 'दिनदहाड़े डकैती'. 'युवती की लाश मिली'. मी बोट दाखवायचो, काका मान हलवायचे.

"अक्षर तेच आहे ना, काका?"

"अक्षर तेच हाय. पण तिच्या नावात डकैती काहून लावू?"

मथळ्याखालच्या मजकुराची जन्मात पर्वा न केलेला हा माणूस आता ओळन् ओळ वाचू लागला. आणि खचत गेला. "एवढे लोक मरून राहिले, पोट्ट्या? मले कोणी सांगितलं नाई."

त्यातच पेपरने अक्षर बदललं. नवं आलं ते जाड, चौकोनी, गोणीवर छापतात तसलं. काकांनी दोरी सोडून ठेवली.

मी आमच्या माळ्यावरची रद्दी खाली काढली. शिंकत शिंकत दोन दुपारी घातल्या तेव्हा जुन्या अक्षरातला एक मथळा हाती लागला. 'मेले में खोई पोती मिली'. जत्रेत हरवलेली नात, आणि तिच्यात 'ती'.

नेऊन दिला. काकांनी चष्मा लावला. वेलांटीकडे बघितलंसुद्धा नाही. बातमीवर बोट ठेवून, ओठ हलवत, शेवटच्या ओळीपर्यंत गेले.

"पोचली पोट्टी घरी," ते म्हणाले, आणि कात्रीसाठी हात पुढे केला.