समुद्राचा सबळ पुरावा

सहलीच्या नावाखाली घेतलेली रजा कर्मचारी घरी लोळून काढतात, ही गंभीर बाब आमच्या कार्यालयाच्या निदर्शनास आली. परिपत्रक निघालं: परतल्यावर डिजिटल कॅमेऱ्यानं काढलेली वीस छायाचित्रं सादर करावीत. पहिल्या खेपेच्या फोटोंत निम्म्यांची मुंडकी उडालेली, उरलेल्यांत नुसती बोटं. पुरावा ओळखू येईना. मग 'उत्तम छायाचित्रासाठी सूचना' निघाल्या आणि छाननी समिती नेमली गेली. समितीतल्या तिघांपैकी एकानंही जन्मात कॅमेरा हाताळला नव्हता, त्यामुळे निःपक्षपातीपणाची चिंता मिटली.

सूचना अशा: सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी असावा. क्षितिज सरळ असावं. माणूस मधोमध नको, जरा कडेला घ्यावा. त्याचं तोंड कॅमेऱ्याकडे, प्रेक्षणीय स्थळ मागे. चष्म्यावर चकाकी येऊ नये. भर दुपारी फोटो काढू नयेत. साठाहून कमी गुण मिळाल्यास रजा ही गैरहजेरी समजली जाईल.

आमच्या जावक कारकुनाच्या म्हाताऱ्या आईनं समुद्र कधी पाहिला नव्हता. "डोळे मिटायच्या आत एकदा दाखव रे बाबा," एवढंच तिचं मागणं. या पठ्ठ्यानं तीन दिवसांची रजा टाकली, मेव्हण्याचा कॅमेरा मागून आणला आणि सूचना खिशात घालून आईला घेऊन पूर्व किनाऱ्याला निघाला.

सकाळी सूर्य समुद्राच्या अंगाला, म्हणजे नियमबाह्य. दुपारी ऊन कडक, तेही नियमबाह्य. दोन्ही वेळा आई लॉजच्या खोलीत भिंतीकडे बघत बसली. संध्याकाळी किनाऱ्याच्या वाटेवरच त्यानं तिचा चष्मा काढून घेतला, हाताला धरून नेलं आणि पाण्याकडे पाठ करून उभं केलं.

"अरे, मला चष्म्याशिवाय लांबचं काही दिसत नाही."

"तुला कुठे बघायचंय? तुला दिसायचंय. हनुवटी वर घे!"

तिसऱ्या संध्याकाळी ती काकुळतीला आली. "आता तरी वळू दे रे."

"आई, एकच! उजेड चाललाय."

एकाचे अकरा झाले. उजेड गेला, मागोमाग परतीची बसही सुटायला आली.

समितीनं सत्त्याण्णव गुण दिले. फोटो मोठा करून कार्यालयाच्या भिंतीवर लावला आणि आईला सत्काराला बोलावलं. चष्मा लावून ती बराच वेळ फोटोपुढे उभी राहिली.

"कुठला रे हा समुद्र?"

"आई, तुझ्या मागे होता तोच."

"अगं बाई! असा दिसतो होय तो!"

कारकुनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं लगेच पुन्हा रजेचा अर्ज केला, कारण लिहिलं: 'आईला समुद्र दाखवणे'. साहेबांनी भिंतीकडे बोट दाखवलं आणि शेरा मारला: 'सदर समुद्र दाखवून झालेला आहे. पुरावा उत्कृष्ट. अर्ज फेटाळण्यात येत आहे.'

त्याच्यावर हसताय खुशाल! तुमच्या मागच्या सहलीचे फोटो उघडा, आणि त्यात हसऱ्या चेहऱ्यानं उभ्या असलेल्या तुमच्या आईला एकदा विचारा, मागे काय होतं.