शेजाऱ्याच्या शेपूची वाट

परसातली भाजी केव्हा पेरावी हे ज्याला अचूक कळते, त्याला ती पेरण्याची घाई कधीच नसते. सोलापुरात नव्या पेठेमागच्या आमच्या आळीत असे तीन जाणते राहतात. तिघांची परसे एकाच विहिरीला लागून आहेत आणि यंदा शके १८५३ मध्ये तिन्हींत गवत उत्तम आले आहे.

मुकुंदराव मास्तरांचा हिशेब आधी मांडू. ते इंग्रजी शाळेत गणित शिकवतात, तेव्हा त्यात चूक निघणे अवघड. जो पहिला पेरतो त्याचे बी मुंग्या नेतात, चिमण्या टिपतात. वेळ चुकली तर उरलेले कुजते. जो दुसरा पेरतो त्याच्या वाट्याला पोट भरलेल्या चिमण्या येतात, शिवाय शेजाऱ्याची चूक फुकट पाहायला मिळते. म्हणून मास्तरांनी भाद्रपदातच वाफे केले, खत घातले, शेपूचे बी डब्यात भरले आणि दुसरे होण्याची तयारी पुरी केली. कोणी पहिले होण्याचाच काय तो अवकाश होता.

घाई करायला घरात एक किरकोळ कारण होते. मुलगी पद्मजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिचे दिवस मार्गशीर्षात भरत होते. बाळंतिणीच्या पानात रोज शेपू पडला की दूध चांगले येते, असे मास्तरांच्या पत्नीचे, यशोदाबाईंचे म्हणणे. (ते मास्तरांनी मान्य केले होते, हिशेबात धरले नव्हते.)

"अहो, दसरा झाला. आता तरी टाका ते बी."

"शिवशरणप्पांनी टाकलं का?"

"त्यांची लेक बाळंत व्हायचीय का?"

"व्यापारी माणूस आहे. तोट्याच्या दिवशी मूठ उघडणार नाही," असे म्हणून मास्तर शेजारच्या परसात डोकावून आले.

शिवशरणप्पा ऊर्फ आप्पा भुसारमालाचे व्यापारी. भाव चढणार की पडणार हे त्यांना नुसत्या वासावरून कळते, अशी ख्याती. वाफे त्यांचेही तयार होते. पण ते रोज पहाटे डोकावत ते एकनाथपंतांच्या परसात. पंत दिवाणी कोर्टात कारकून. सरकारी कागद आधी त्यांच्या हाती पडतात, तेव्हा पेरणीचा दिवसही त्यातच येत असणार. (दिवाणी दाव्यांत शेपू कुठून येतो, असले प्रश्न विचारणाऱ्याचा व्यापार चालत नाही.) आणि पंत? पंतांचा डोळा मास्तरांवर. मास्तरांकडे दोन पंचांगे आहेत, एकात चुकले तर दुसऱ्यात सापडेल.

दिवाळीनंतर विहिरीवर याचा उलगडा झाला. आप्पांच्या पत्नी रत्नम्मा पाणी शेंदत म्हणाल्या, "आमचे मालक म्हनत्यात, पंतांनी पेरलं की पेरायचं. सरकारी मानूस हाय, त्यांस्नी ठावं असतंय की."

पंतांच्या दुर्गाबाईंनी घागर खाली ठेवली. "आमच्याकडे तर मास्तर पेरतील तेव्हा, असं ठरलंय."

"आणि आमचे तुमच्या मालकांकडे बघतात, रत्नम्मा," यशोदाबाई म्हणाल्या. "बरी रांग आहे. पुढं कुणीच नाही."

"व्हय की. आनि पोरीचे दिवस थांबनार हायत व्हय?"

यशोदाबाई त्याच पावली बी काढायला गेल्या. डबा कपाटात होता आणि कपाटाची किल्ली मास्तरांच्या जानव्याला. (उरलेले दोन डबे अशाच सुरक्षित जागी होते.)

हे बायकांकडून कानी आल्यावर एखादा सामान्य माणूस ओशाळला असता. या तिघांनी निष्कर्ष काढला, की ज्याअर्थी कोणीच पेरले नाही, त्याअर्थी न पेरण्याचा आपला निर्णय बरोबर होता, आणि तोही एकमताने. ओट्यावर सभा भरली. तिघांनी एकाच घटकेस पेरावे, म्हणजे पहिला कोणीच नाही आणि चिमण्यांचा तोटा सारखा, असे ठरले. रविवारी शाळा आणि कोर्ट बंद, पण दुकानात गर्दी. सोमवारी आप्पा पूजेतून उठत नाहीत. तिघेही मोकळे असे दिवस निघाले ते एकदम संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेत. आणि यात्रा सोडून परसात वाकणारा सोलापूरकर अजून जन्मायचा आहे. तेव्हा यात्रेनंतर.

"मग तोवर मंडईतून तरी आणा," यशोदाबाई म्हणाल्या.

"घरात बी असताना भाजी विकत आणायची?" मास्तरांना धक्का बसला. "ही उधळपट्टी मला जमायची नाही."

मार्गशीर्षात पद्मजाला मुलगी झाली. दूध पुरत नाही. पोर रडते, ते तिन्ही घरांत ऐकू जाते, आणि वाटीभर गाईचे दूध आधी कोण पाठवतो याकडे उरलेल्या दोघांचे लक्ष आहे.

आता अखेरची बेरीज. मास्तरांचे बी शाबूत. आप्पांचे शाबूत. पंतांचे शाबूत. चिमण्यांनी दुसरी आळी धरली. सगळा खर्च एकट्या तान्हीच्या नावे पडला, पण बारसे उद्या असल्यामुळे नावाची जागा तूर्त कोरी आहे. तुमचेही वाफे तयार असतील आणि हे वाचून तुम्ही शेजारी काय करतो ते पाहायला उठणार असाल, तर जाताना आपल्या घरातले एखादे नाव तिथे घालून जा.